कॅमेऱ्याचं चित्र कानांनी ओळखायला शिकताना

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी नुसतं रातांधळेपण होतं. मग दिवसाही नजर चारही बाजूंनी आवळत गेली आणि आता फक्त उजेड-अंधार कळतो. काठी आणि फोनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक, यांवर बरं चाललं होतं. त्यात पुतण्यानं फोनमध्ये ‘द व्हॉइस’ हे फुकटचं ॲप टाकून दिलं.

चित्राचा आवाज करायची ही पद्धत नेदरलँड्सच्या पीटर मायर यांनी १९९२ साली मांडली. कॅमेऱ्यातलं चित्र ॲप डावीकडून उजवीकडे वाजवत जातं, साधारण सेकंदाला एकदा. वरचं बारीक सुरात, खालचं जाड सुरात. उजळ ते मोठ्यानं, काळं ते गप्प.

पण पऱ्हाटीच्या वावरात लावलं तर पानं, ढेकळं, आभाळ सगळं एकदमच बोंबलतं. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, फोनात रातकिडे शिरले काय जी?”

मग घरातच बसलो. काळी घोंगडी अंथरली आणि तिच्यावर कापसाचं एकच फुटलेलं बोंड. एवढासा आवाज यायचा, टिक्. पुतण्या बोंडाची जागा बदलायचा आणि मी उचलायचो. फोन छातीशी, खाली झुकवलेला. त्यामुळे जाड सूर म्हणजे बोंड जवळ, बारीक म्हणजे लांब. हे डोक्याला लगेच कळलं, हाताला कळेना. आधी हात घोंगडीभर चाचपडायचा, पुढे नीट बोंडावर पडू लागला. मग पांढरी दोरी तिरपी ठेवली, तर सूर खालून वर चढत गेला. तेव्हा मजा आली, खरं सांगतो.

अंधाऱ्या खोलीतून उघडं दार म्हणजे खर्र करून सुरू होणारा आणि कचकन तुटणारा आवाज. दारात कुणी उभं असलं की मधे खंड पडतो. कोण आहे ते कळत नाही, विचारावंच लागतं.

साधे इयरफोन नकोत, कान बुजतात. कानापुढच्या हाडावर बसणारे घ्या. ॲप फुकट असलं तरी हा खर्च आहे. आणि रस्त्यावर मी ते बंदच ठेवतो. ट्रॅक्टर आधी ऐकू आला पाहिजे, तिथं काठीच बरी. शिकवणारं इकडे कुणी भेटलं नाही. तालुक्याच्या शिबिरात काठी मिळाली, पण याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

ॲपमध्ये एक उलटं सेटिंगही आहे. त्यात काळं मोठ्यानं वाजतं. चुन्याच्या भिंतीपुढे म्हैस बांधली असेल तर ते लावायचं. भिंत गप्प बसते, म्हैस तेवढी वाजते.