वन्संसाठी गोधडी

वन्संनी निफाडला घर बांधलं. मुलूख द्राक्षांचा, पण हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली की तिच्यात बऱ्याचदा निफाडचंच नाव असतं. म्हणून वास्तुशांतीला गोधडीच न्यायची असं मी ठरवलं. नक्षी आधी काढायची नाही, विकत कापड आणायचं नाही, घरात निघेल त्यातूनच जमवायचं.

सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांची जुनी सुती नऊवारी काढून दिली. ९ वार म्हणजे २७ फूट. साडेसहा फुटांचे ४ तुकडे केले की एका लुगड्यात चारही थर बसतात, आणि पन्ह्याचीच रुंदी ठेवली तर मध्ये जोड द्यावा लागत नाही. धडका तुकडा खाली, विरलेले मध्ये. एका थराला अगदीच जाळी पडली होती, तिथं मामंजींच्या धोतराचा तुकडा घातला.

वरच्या ठिगळांसाठी कापड निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहायचा, मग दोन्ही हातांनी ताणायचा. चर्र आवाज आला तर तो आतल्या थरात. टेरिकॉट कितीही सुंदर असलं तरी बाजूला ठेवलं. त्यात सुई अडते आणि ते अंगाला ऊब देत नाही, नुसता घाम आणतं. इरकलीचं सुती अंग घेतलं, रेशमी पदर घेतला नाही, कारण जुनं रेशीम घडीवर आधी फाटतं. लाल खण वेगळा भिजत घातला. त्याचं पाणी पांढरं येईपर्यंत तो इतर कापडांजवळ नेला नाही.

मग बैठकीच्या खोलीत फरशीवर थर अंथरले, कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवले आणि एका कोपऱ्यापासून ठिगळं मांडत गेले. एकाची कड आत दुमडायची, ती शेजारच्याच्या कडेवर चढवायची. कात्री कमी, घडी जास्त. मोठे तुकडे आधी, फटींमध्ये लहान. गडद रंग एकीकडे गोळा होतात का, ते जवळून कळत नाही. मी मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून पाहायचे. रंग निघून गेले की फिकं कुठं, गडद कुठं, ते लगेच दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाहून निम्मी मांडणी बदलली. आधीच नक्षी ठरवली असती तर इरकलीचा काठ तिरपा टाकायचं मला सुचलंच नसतं, आणि आता सगळ्यांची नजर तिथंच जाते.

कच्चे टाके मधून बाहेर घातले, म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते. पक्का धावदोरा मात्र बाहेरच्या कडेपासून चौकोनात फिरत आत. दोरा जाड, सुती, मेण लावलेला. चार थर आणि ठिगळ मिळून सुईला जोर लागतो, त्यामुळे अंगुस्तान हवंच. मशीनवर हे लवकर झालं असतं, पण मशीनच्या शिवणीनं गोधडी ताठ होते. हाताच्या टाक्यानं येणारा मऊपणा मला हवा होता.

“टाका तांदळाच्या दाण्याएवढा घे,” सासूबाई म्हणाल्या, “आणि दोरा ओढू नकोस. ओढलास की वाकळ आखडते.”

नजर कमी झाली तरी त्यांचा हात सरळ चालतो. संध्याकाळी त्या समोरच्या कडेला बसायच्या, मी या कडेला. ओवून दिलेल्या सुया त्यांच्यापुढं ठेवल्या की पुढची ओळ त्यांची. एका पिवळ्या तुकड्यावर बोटं फिरवून त्या म्हणाल्या, “हा तिचा पाचवीतला परकर. टाकवला नाही.” तोवर मी त्याला कुठलंसं उरलेलं कापड समजत होते. तो कोपऱ्यात होता. टाके उसवले आणि डोक्याच्या बाजूला मधोमध घेतला.

वास्तुशांतीच्या दिवशी वन्संनी घडी उलगडली आणि पहिला हात त्याच तुकड्यावर ठेवला. “अगं, हा आईनं अजून ठेवला होता?” असं विचारून त्या तिथंच खाली बसल्या. मग त्यांना गोधडी कपाटात जपून ठेवायची होती. मी ठेवू दिली नाही, त्याच रात्री अंथरायला लावली. थंड पाण्यात धुवा, दोघांनी मिळून पिळा, उलटी करून उन्हात टाका, एवढं सांगितलं. उरलेला दोरा आणि सुई पिशवीत घालून दिली आहे. कुठं टाका सुटला तर घरच्या घरी घालता येईल.