महाराजांचा फोन

आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, जवानाने त्याला आमच्या टेबलापाशी आणलं तेव्हा पोराच्या हातात ऑम्लेट-पाव होता, आणि तो जवानानेच पदरच्या पैशाने घेऊन दिला होता. मला आश्चर्य वाटलं, कारण या गृहस्थांना मी चांगली ओळखते. फलाटावर सापडलेल्या पोराला ते पाणी देतात, फार तर बिस्किटाचा पुडा. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, याच्या डोळ्यांत बघून बोलू नका. माझ्या पोरीचं लग्न कुठे अडलंय ते बरोब्बर सांगितलं त्याने."

नाशिककडची आणि पुण्याकडची लाइन जिथे एकत्र येते त्या जंक्शनवर आमच्या संस्थेचं मदतकेंद्र आहे. कुठलं ते ओळखणाऱ्यांनी ओळखावं. एकटं पोर दिसलं की त्याला जवळ करायचं, पोलिसांच्या डायरीत नोंद करायची, सरकारी दवाखान्यात मेडिकल, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं, हे आमचं काम. 2015 च्या बाल न्याय कायद्यात तसं लिहिलेलं आहे. त्याच कायद्याचं 74 वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, म्हणून त्याचं नाव, गाव, जिल्हा इथे येणार नाही. बालगृहातली पोरं त्याला 'महाराज' म्हणायची. मीही तेच म्हणते.

पळून आलेली पोरं सहसा खोटं बोलतात. मामाकडे चाललोय, आई मागच्या डब्यात आहे. मामाचं आडनाव विचारलं की गडबडतात. हा सोळा वर्षांचा पोरगा खोटं बोललाच नाही. घर सोडलंय, परत जाणार नाही, आईला कळवलंत तर इथूनही पळेन, असं त्याने बसल्या बसल्या सांगून टाकलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि मलाच विचारू लागला. "ताई, घरी कुणाच्या तरी औषधाची वेळ झालीये ना?"

झाली होती, सासूबाईंच्या. क्षणभर अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी डोकावत होती आणि मी मघाशी घड्याळ पाहिलं होतं. पुढचं त्याने अंदाजाने मारलं. "तुम्ही सगळ्यांचं करता, पण तुमचं कुणी बघत नाही." हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला लागू पडतं, पण ऐकणारीला ते आपल्यापुरतंच वाटतं. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली 39 विद्यार्थ्यांना 'हे तुझं स्वभाववर्णन' म्हणून एकच मजकूर वाटला होता. तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मी हे प्रशिक्षणात शिकले. महाराजांना ते न शिकताच येत होतं.

दुसऱ्या दिवशी कसाऱ्याकडच्या एक आजी आमच्या टेबलाशी आल्या. एका कानात बुगडी, दुसरा कान रिकामा. रिकाम्या कानातली बुगडी पोराच्या झडतीत सापडली होती, म्हणून पोलिसांना हायसं वाटलं, तक्रारदार आला. पण आजींना तक्रार करायचीच नव्हती. महाराज कुठे भेटतील एवढंच विचारायचं होतं.

"चोरली नाही गं बाई, मी दिली त्याला. मी तर दोन्ही काढून देत होते. तोच म्हणाला, आजी, एकच द्या, दोन्ही घेतल्या तर फळत नाही."

पंचनामा करून बुगडी परत केली तेव्हा आजी रडायलाच लागल्या. दिलेलं माघारी घेतल्याचा दोष लागेल म्हणून. मी नंतर महाराजांना विचारलं, दोन्ही का घेतल्या नाहीस? तो हसला. "दोन्ही घेतल्या असत्या तर घरी गेल्यावर आजींना शंका आली असती. एक ठेवली की माणूस म्हणतं, लबाड असता तर दोन्ही नेल्या असत्या."

समितीने चौकशी होईपर्यंत त्याला बालगृहात ठेवलं. तिथले नियम त्याने पहिल्या दिवसापासून धाब्यावर बसवले. प्रार्थनेला उभा राहायचा नाही, केस कापू द्यायचा नाही. बाकीची पोरं त्याचे कपडे धुवायची, आपल्या ताटातलं अंडं त्याला द्यायची. कुणाला मारलं नाही, धमकावलं नाही. नुसता शेजारी बसून हळू आवाजात बोलायचा. अधीक्षक म्हणाले, "मारामारी करणारा परवडतो हो. त्याला वेगळ्या खोलीत ठेवता येतं. याचं काय करायचं?"

मग एका संध्याकाळी नऊ वर्षांचा एक मुलगा भिंतीवरून उडी मारून निघून गेला. तो हायवेवर सापडला. गुडघे फुटलेले, पण तोंडावर आनंद. महाराजांनी सांगितलं होतं, तुझे बाबा गुरुवारच्या गाडीने येणार आहेत. त्या मुलाचे वडील वारलेले आहेत, आणि हे महाराजांना ठाऊक होतं.

त्या रात्री मी त्याच्यासमोर बसले तेव्हा मला समुपदेशकाचा आवाज काही काढता येईना. का केलंस, एवढंच विचारलं.

"बघायचं होतं," तो म्हणाला. "बाबा नसतानाही होतंय का."

हा बाबा म्हणजे त्याच्या गावाजवळ दरबार भरवणारा बुवा. आई तिथे सेवेला होती, त्यामुळे पोरगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून तिथेच वाढला. त्याचं काम बाहेरच्या रांगेत बसायचं. रांगेतल्या बायका एकमेकींशी बोलतात, पोराकडे कुणाचं लक्ष नसतं. कुणाच्या सुनेला मूल नाही, कुणाची म्हैस आटली, कुणाचा नवरा पितो, हे ऐकायचं आणि पाण्याचा तांब्या आत नेताना बुवाच्या कानावर घालायचं. आत गेल्यावर बुवा न विचारता सगळं सांगायचा. पुढे पोराचा आवाज फुटला, नजर स्थिर झाली, आणि बुवाने त्यालाच पाटावर बसवला. बालमहाराज. लोक पाया पडू लागले, आईसुद्धा.

"कधी कधी मला खरंच कळतं, ताई," तो म्हणाला. "मी काही ऐकलेलं नसतं, बघितलेलं नसतं. तोंडातून येतं आणि ते खरं निघतं." मी यावर वाद घातला नाही. आठ-नऊ वर्षं रोज माणसं वाचणाऱ्याला आपण काय वाचतोय हे कळेनासं होतं, असं माझं मत आहे. त्याला ते पटलेलं नाही.

मग पळालास कशाला, हे मी पुन्हा विचारलं, आणि या वेळी तो बोलला. आषाढात एक बाई मुलाला घेऊन आली होती. मुलाच्या पोटरीला कुत्रं चावलेलं. सरकारी दवाखान्यात जाऊ का, एवढं विचारायला आली होती. बुवाने खूण केली आणि याने सांगितलं, सुई नको, अंगारा लाव, पाच गुरुवार ये. ती दोन गुरुवार आली. तिसऱ्या गुरुवारी आली नाही, चौथ्यालाही नाही. तो पाटावरून दाराकडे बघत बसायचा. पाचव्या गुरुवारी पाटावर बसायच्या आधी तो गाडीत बसला.

"ती का नाही आली, ताई?"

तेव्हा श्रावण लागला होता. मनातल्या मनात हिशेब केला. रेबीजची लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभर, कधी वर्ष. एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तोवर मात्र लस देता येते, उशीर झाला तरी. म्हणजे मूल अजून धड असेल तर वेळ होता. पण बाईचं नाव त्याला माहीत नव्हतं, गावही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षकांच्या खोलीत मी कागद-पेन घेऊन बसले आणि म्हटलं, आठव. त्या तासाभरात मी जे पाहिलं ते विसरणार नाही. त्याने डोळे मिटले. पिशवी प्लॅस्टिकची, पिवळी, वर कृषी सेवा केंद्राचं नाव. नाव अर्धं पुसलेलं, पण खाली बाजाराच्या गावाचं नाव होतं. चारची एसटी चुकली तर मुक्काम पडेल असं ती शेजारणीला म्हणाली होती. मुलाच्या अंगात आश्रमशाळेचा शर्ट, खिशावरचा बिल्ला उसवलेला. चावा डाव्या पोटरीला, वर चुना आणि हळद. बाईच्या उजव्या हातावर भावाचं नाव गोंदलेलं. भावाचंच कशावरून? "नवऱ्याचं नाव असं उघड्या हातावर गोंदवत नाहीत त्यांच्याकडे."

बाजाराच्या गावावरून तालुका कळला, चारच्या एसटीवरून रस्ता, शर्टावरून शाळा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला फोन केला, तिथून गटप्रवर्तक ताईंचा नंबर मिळाला, त्यांनी आपल्या आशांच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, ग्रुपवर टाकलं. जेवणाच्या सुट्टीनंतर एका आशाताईचा फोन आला. बाई माहीत आहे. पोरगा हिंडतोय, खेळतोय. आणि वर फणकारा: "मॅडम, मी तेव्हाच सांगितलं होतं तिला. साबणाने पंधरा मिनिटं धू म्हटलं, लस फुकट आहे म्हटलं. तर म्हणे महाराजांनी नको सांगितलंय." गुरुवारी ती का येत नव्हती? पावसात ओढ्याला पाणी आलं होतं, एसटी बंद. एवढंच.

मी महाराजांना सांगितलं. तो काही न बोलता उठून संडासाकडे गेला आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आला.

दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर स्वतः तिच्या घरी गेले. चांगला माणूस. तिने ऐकून घेतलं, हो म्हणाली, चहा दिला, आणि ते गेल्यावर आशाताईला म्हणाली की मी नेणार नाही. महाराजांचा शब्द मोडला तर पोराला होईल.

आता काय करायचं ते उघड होतं, पण अधीक्षकांना ते पसंत नव्हतं. "आपण त्याला त्यातून बाहेर काढायला बघतोय आणि पुन्हा पाटावर बसवायचं? उद्या तो म्हणेल, बघा, माझ्याशिवाय तुमचंही चालत नाही." त्यांचं चूक नव्हतं. पण रेबीज पुनर्वसन आराखड्यासाठी थांबत नाही. मी म्हटलं, जबाबदारी माझी, समितीला मी लेखी कळवते. महाराजांना मात्र अट घातली: खरं सांगायचं.

आशाताईच्या मोबाइलवर बाई आली. स्पीकर चालू होता. त्याने आधी पोराची चौकशी केली, जेवतो का, पाणी पितो का. मग म्हणाला, "मावशी, मी त्या दिवशी खोटं बोललो. मला काही कळत नाही. बाबाने खूण केली म्हणून बोललो. पोराला सुई दे."

पलीकडे शांतता. मग ती चक्क हसली. "महाराज, परीक्षा बघताय होय माझी? नाही डगमगायची मी."

त्याने पुन्हा सांगितलं. शपथ घातली. आवाज फुटला त्याचा. ती जितकं ऐकत होती तितकी घट्ट होत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी मान खाली घातली. ती होकाराची होती असंच त्याने धरलं, आणि तशीच होती.

त्याने पाठ ताठ केली. आवाज खाली आणला. आम्ही सगळे एकाच खोलीत असूनही क्षणभर ऐकू येतंय की नाही असं वाटावं इतका खाली. "परीक्षेत पास झालीस, मावशी. आता पुढचा आदेश. सूर्य मावळायच्या आत पोराला सुई. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी. चारांतली एक चुकली तर चारही वाया. बोल, काय सांगितलं?"

तिने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. डॉक्टरांनी मघाशी मला सांगितलेलं वेळापत्रक हेच होतं. शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. त्याने ते एकदाच ऐकलं होतं.

संध्याकाळी पहिली सुई झाल्याचा निरोप आला. पुढच्या तारखांना ती आशाताईच्या आधी केंद्रावर जाऊन बसलेली असायची. चारही डोस झाले, पोरगा धडधाकट आहे.

बुवावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार गेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी झालेला हा कायदा. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारांपासून रोखणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. महाराजांचा जबाब झाला आहे, बाईचा व्हायचा आहे. ती महाराजांविरुद्ध बोलायला तयार नाही, आणि बुवा व महाराज यांत फरक आहे हे तिला कुणी समजवावं हा प्रश्नच आहे. आईने पोराला घरी न्यायला नकार दिला, पोरानेही जायला नकार दिला; दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच. समितीने त्याला बालगृहातच ठेवलंय आणि आम्ही त्याचा दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म भरलाय, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा. प्रार्थनेला तो अजूनही उभा राहत नाही. नऊ वर्षांच्या त्या मुलाला त्याने सगळं खरं सांगितलं. मुलाने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. जखम साबणाने धुऊन तो स्वतःच मला दाखवायला आला.

गेल्या आठवड्यात आशाताईचा पुन्हा फोन आला. गावातली चार घरं बाळांना लसीकरणाला आणत नाहीत, काही केल्या ऐकत नाहीत. महाराज एक फोन करतील का? अधीक्षकांना मी हे सांगितलेलं नाही. त्यालाही नाही.