तुम्ही दिसलात, कुत्रं दिसलं नाही

मंगळवारपासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

संध्याकाळचे पाच वाजले होते. नोव्हेंबरात इथे फिनलंडमधल्या एस्पोला पाच म्हणजे मिट्ट काळोख. बर्फ पडला की जमीन पांढरी होते आणि जरा तरी दिसतं, पण त्याआधीचे हे आठवडे फार वाईट. डांबर ओलं, आकाश काळं, आणि आमची कुत्री काजळ नावाप्रमाणेच काळीभोर. रस्ता ओलांडताना ती लांब सोडलेल्या दोरीवर माझ्यापुढे सात-आठ पावलं होती. एक गाडी करकचून थांबली. काजळपासून हातभर अंतरावर.

गाडीतून एक आजोबा उतरले. मी ओरडा खायच्या तयारीत होते. ते ओरडले नाहीत. इंग्रजीत हळू आवाजात एवढंच म्हणाले, "तुम्ही दिसलात. कुत्रं दिसलं नाही." मग स्वतःच्या कोटाच्या खिशाला दोऱ्याने लटकवलेलं रिफ्लेक्टर काढलं, रस्त्यातच गुडघ्यावर बसले आणि काजळच्या पट्ट्याला बांधलं. मी आभार मानेपर्यंत गाडी सुरूही झाली होती. अनोळखी माणसाशी लिफ्टमध्येही न बोलणारा हा देश. मी घरी येऊन दार लावलं आणि रडले.

माझ्या कोटाला रिफ्लेक्टर होतं, हे खरं. इथे अंधारात पायी चालणाऱ्याने ते लावायचं असा कायदाच आहे. लावलं नाही तर दंड नाही, तरीही माझ्या ऑफिसातल्या बहुतेकांच्या कोटाला ते लोंबत असतं. हेइयास्तिन म्हणतात त्याला. आकडे मला कधीच सांगितले गेले होते: गाडीचा डिपर चालू असताना गडद कपड्यातला माणूस साधारण ५० मीटरवरून दिसतो, रिफ्लेक्टर असेल तर १५० मीटरवरून. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी ५० मीटर सव्वादोन सेकंदांत संपवते. हे सगळं पाठ असून मी ते फक्त माझ्या अंगाला लावलं. ज्या जिवाला हे कळायचा काही मार्ग नाही, त्याला तशीच नेत राहिले.

शनिवारी नवऱ्याला काजळबरोबर पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि मी गाडीत बसून हेडलाइट लावले. तुमच्याकडे काळा कुत्रा असेल तर एकदा हे करून बघाच. ती समोर बघत होती तोवर डोळे हिरवे चमकले. तिने मान वळवली आणि ती नाहीशी झाली. पट्ट्यावर चमकणारी पट्टी आहे, पण मानेवरच्या केसांत ती बुडते, आणि वास घ्यायला डोकं खाली गेलं की काहीच उरत नाही. मग छाती आणि पोटाभोवती गुंडाळायचं जॅकेट घातलं. कुठल्याही बाजूने वळली तरी एक पट्टा उजळत होता. जमिनीलगत असल्यामुळे डिपरचा उजेड तिच्यावर नेमका पडतो, ही कुत्र्यांच्या बाबतीतली एक चांगली गोष्ट.

रिफ्लेक्टर उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतं. त्यामुळे दोरी धरून चालणाऱ्या मला ते कायम मंदच वाटायचं, आणि मी ते बिनकामाचं समजत होते. पण ज्याच्याकडे दिवा नाही त्याला ते दिसत नाही. म्हणून सायकलवाल्यांसाठी आणि धावणाऱ्यांसाठी गळ्यात दिव्याचा पट्टाही हवा. त्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून निघण्याआधी तपासते. आणि लांब जाणारी बारीक दोरी अंधारात बंद. ती दोरी सायकलवाल्याला दिसतच नाही. आता रुंद, चमकणारी, दोन मीटरची दोरी, म्हणजे मी आणि ती एकत्र आहोत हे लांबूनच कळतं.

व्हिडिओ कॉलवर मावशी म्हणाली, "कुत्रीला जॅकेट? केवढं ते कौतुक!" मला राग आला. कौतुक नाही गं मावशी.

पण ऑफिसात एकाने विचारलं, तुमच्याकडे कुत्री रात्रभर रस्त्यावर मोकळीच असतात ना, तेव्हाही राग आला. मी त्याला पुण्याच्या शंतनू नायडूबद्दल सांगितलं: जुन्या जीन्सचे तुकडे वापरून त्याने आणि मित्रांनी भटक्या कुत्र्यांसाठी चमकणारे पट्टे केले, रतन टाटांनी पाठबळ दिलं. इथली माणसं स्वतःचं कुत्रं जपतात. आमच्याकडची मुलं कुणाचंच नसलेलं कुत्रं जपतात. हे मी जरा जोरातच बोलले. बोलले त्याचा पश्चात्ताप नाही.

मग त्यानेच मला सांगितलं की हे लोंबतं रिफ्लेक्टर पेर्तेली गावच्या आर्वी लेहती नावाच्या माणसाने काढलं, आणि मुळात ते घोडागाडीसाठी होतं. अंधारात मोटारींना गाडी दिसावी म्हणून. मी एकदम कारखान्याच्या रस्त्यावर पोचले. गाळप हंगाम, रात्रीचे दहा, उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग, आणि मागे बाबांनी स्वतः उभं राहून चिकटवलेल्या लाल पट्ट्या. हंगाम सुरू झाला की बाबा दरवर्षी हे करायचे. लहानपणी मला त्या पट्ट्या शोभेच्या वाटायच्या.

काल बाबांना फोन केला. गल्लीतल्या मोत्याला आणि त्याच्या दोन भावंडांना पट्टे करायला सांगितले. मापं कशी घ्यायची तेही सांगितलं: पट्टा आणि मान यांत दोन बोटं सहज जायला हवीत, अडकला तर सुटेल असा बंद हवा, आणि पिल्लांना नको, ती वाढतात आणि पट्टा रुततो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ट्रॉलीच्या पट्टीचा अर्धा रोल माळ्यावर आहे. आधी मोत्याचंच करतो, तो रात्री चौकात झोपतो."