पांढरीला इंग्रजीत काय म्हणायचं?

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती; तिच्याकडे शेवटी येऊ. इंग्लंडमधल्या पुरातत्त्वाच्या उत्खननावर मातीला नुसतं ‘काळी’ म्हटलेलं चालत नाही. कॉन्टेक्स्ट शीट नावाचा एक फॉर्म असतो; खणताना लागलेला प्रत्येक थर किंवा खड्डा म्हणजे एक ‘कॉन्टेक्स्ट’. त्यात ‘ब्लॅक सॉइल’ असं लिहिलं की पर्यवेक्षक तो हसतमुखाने परत देतात. ‘सॉइल’ हा शब्दच वर्ज्य. माती वाहत आली, कुणी टाकली की जागच्या जागी कुजून झाली, हे ठरेपर्यंत ती ‘डिपॉझिट’. रंगही तीन पायऱ्यांनी सांगायचा: आधी फिका, मध्यम की गडद, मग कशाकडे झुकणारा, आणि शेवटी मूळ रंग. ‘मिड ग्रेइश ब्राउन’, म्हणजे राखाडीवर जाणारा मध्यम तपकिरी. बडोद्याच्या रावपुऱ्यात साडी घेताना आपण इतक्या बारकाईने रंग मागतो, मातीला मात्र तो मान कधी देत नाही.

बडोद्याहून पुरातत्त्व शिकून इकडे येणाऱ्यांना वाटतं की इंग्रजी तर आपल्याला येतंच, पुस्तकं सगळी त्याच भाषेत वाचली. ते खरं आहे, पण पुस्तकातलं इंग्रजी आणि चिखलातलं इंग्रजी वेगळं. चिखलातल्या इंग्रजीला शब्द थोडे लागतात, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी माती घट्ट की भुसभुशीत (कॉम्पॅक्शन), मग रंग, मग पोत, मग आत काय मिसळलंय, मग जाडी आणि विस्तार, आणि अगदी शेवटी खणलं कशाने आणि हवा कशी होती. पावसात खणलेल्या थराच्या वर्णनावर कितपत विश्वास ठेवायचा, हे त्या शेवटच्या ओळीवरून ठरतं. लंडनच्या पद्धतीत एक सोपी सीमा आहे: जे 10 टक्क्यांहून जास्त ते पोतात धरायचं, त्याहून कमी ते ‘इन्क्लूजन’. कोळशाचे चार कण दिसले तर ‘ऑकेजनल चारकोल फ्लेक्स’, जरा जास्त असतील तर ‘मॉडरेट’, भरपूर असतील तर ‘फ्रीक्वेंट’. ‘सम’ आणि ‘अ लॉट ऑफ’ लिहायचं नाही.

पोत बोटांनी ठरवायचा. चिमूटभर माती ओली करून मळायची. गोळीच होत नसेल आणि कचकच लागत असेल तर सँड. साबणासारखी गुळगुळीत लागते, गोळी होते, पण वळली की तुटते, ती सिल्ट. चकलीच्या पिठासारखी लांब वळते, कडं केलं तरी चिरत नाही आणि नखाने घासल्यावर चमकते, ती क्ले. मिश्रणात मुख्य घटक शेवटी येतो: ‘सिल्टी क्ले’ ही क्लेच असते. हा क्रम उलटा लिहिण्याची चूक आपल्याकडच्या मुलांकडून हमखास होते.

आता ‘कट’. या एका शब्दावर मी जरा जास्तच रेंगाळणार आहे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आपण शिकलो ते असं: पिट 3, चौथ्या थराने झाकलेला, पाचव्यात खणलेला. खड्डा एक, नंबर एक. इथे त्याच खड्ड्याला निदान दोन नंबर आणि दोन फॉर्म. आत भरलेली माती म्हणजे ‘फिल’, आणि ती काढल्यावर उरलेला रिकामा आकार म्हणजे ‘कट’. चक्क पोकळीला नंबर! फिलचा नंबर गोल कंसात, कटचा चौकोनी कंसात. कटच्या फॉर्मवर पोकळीचंच वर्णन: वरून आकार कसा, कोपरे कसे, लांबी-रुंदी-खोली किती, वरच्या काठाशी उतार एकदम सुरू होतो की हळूहळू, बाजू कशा, तळाशी वळण कसं, तळ सपाट की खोलगट. ‘ब्रेक ऑफ स्लोप, टॉप: शार्प. साइड्स: स्टीप. बेस: कॉन्केव्ह.’ पहिल्यांदा हे निव्वळ कारकुनी वाटतं.

पण त्यामागचं कारण पक्कं आहे. खड्डा खणणं ही एक घटना, तो भरणं ही दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये कितीही वर्षं जाऊ शकतात. फिलमध्ये नाणं सापडलं तर ते भरण्याबद्दल सांगतं, खणण्याबद्दल नाही. आणि तेही एवढंच की हे नाणं पाडल्यानंतर कधीतरी भरलं. जुना चर गाळाने भरला आणि कुणी पुन्हा खणून साफ केला, तर तो ‘रीकट’, त्याला नवा नंबर. हे सगळे नंबर चौकटींत लिहून रेघांनी जोडायचे, सर्वांत नवं वर, सर्वांत जुनं खाली. हीच हॅरिस मॅट्रिक्स, 1973 साली विंचेस्टरच्या उत्खननाच्या कागदपत्रांवर काम करताना एडवर्ड हॅरिस यांनी काढलेली. घराण्याची वंशावळ जमते त्याला हीही जमते, फक्त इथे पणतू वरच्या ओळीत बसतो.

प्रत्यक्षात बिघडतं ते कडेपाशी. कटची कड ओलसर मातीत दिसते, वाळली की गायब होते. म्हणून फवारणीचा पंप हाताशी ठेवायचा आणि कड दिसताक्षणी खिळे रोवून खूण करायची. आधी अर्धाच खड्डा खणायचा, मधली उभी बाजू म्हणजे ‘सेक्शन’ सरळ कापून तिचा फोटो आणि 1:10 चं रेखाचित्र, मगच उरलेला अर्धा. लांब चर असेल तर साधारण मीटरभर रुंदीचे ‘स्लॉट’ ठरावीक अंतरावर, शिवाय चराच्या टोकाशी आणि दोन चर एकमेकांना छेदतात तिथे. छेदतात तिथला स्लॉट चुकवला तर कोणता चर आधीचा हे कळत नाही, आणि मॅट्रिक्समध्ये ती रेघ कोरीच राहते.

खणता खणता जिला माणसाने कधी हात लावला नाही अशी माती लागते, तिला इथे नुसतं ‘नॅचरल’ म्हणतात. आपला ‘व्हर्जिन सॉइल’ ऐकून तरुण मंडळी गालात हसतात. ‘हॅव यू बॉटम्ड इट?’ म्हणजे तळाच्या नॅचरलपर्यंत पोचलात का. यात सगळ्यात फसवं प्रकरण ‘ट्री-थ्रो’चं: जुनं झाड वादळात मुळांसकट उलथलं की चंद्रकोरीसारखा खळगा राहतो, आणि तो थेट मानवी खड्ड्यासारखा दिसतो.

हत्यारांबाबत शब्दाला शब्द जुळवायला जाऊ नका. गुजरातेतल्या साइटवर तगारुं, पावडो आणि त्रिकम या तिघांत काम भागतं. इथे स्पेड आणि शॉवेल वेगळे: स्पेडने सरळ कापायचं, शॉवेलने सुटी माती उचलायची. मॅटक त्रिकमच्या जवळचा, पण त्याचं एक पातं आडवं आणि रुंद. ट्रॉवेल 4 इंची, टोकदार, एकसंध घडवलेली घ्या. जोड दिलेली स्वस्त ट्रॉवेल मानेपाशी मोडते. ‘ट्रॉवेल बॅक’ म्हणजे स्वतःकडे ओढत, मागे सरकत खरवडणं, म्हणजे साफ केलेल्या भागावर पाय पडत नाही. ‘लूज’ हे इथे नाम आहे: ‘क्लीन अप युअर लूज’, सुटी माती आवरा. खापराचा तुकडा ‘शर्ड’; ‘शार्ड’ म्हणाल तर काचेचा समजतील. ‘स्पिट’ म्हणजे थुंकी नाही, एका वेळी काढायचा ठरावीक जाडीचा थर. आणि ‘कॅट स्कॅन’ म्हटल्यावर घाबरू नका, जमिनीखालच्या विजेच्या तारा शोधायचं ते यंत्र आहे.

‘बाल्क’ म्हणालात की मात्र तुम्ही कुठले ते कळतं. एक तर इथे त्यातला ‘ल’ बरेच जण गिळतात, आणि दुसरं म्हणजे बाल्क ठेवतच नाहीत. चौकोनी खड्डे आणि मध्ये न खणलेली मातीची भिंत, म्हणजे बाल्क, हे मॉर्टिमर व्हीलर यांनी आपल्याला शिकवलं. 1944 ते 1948 ते आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते आणि तक्षशिलेला त्यांनी आपल्या लोकांसाठी शाळाच भरवली. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच देशाने ती पद्धत नंतर अडगळीत टाकली, आणि आता आपण ती वापरतो म्हणून आपण जुनाट! त्यांचं कारण असं की भिंतीखाली नेमके लाकडी घरांच्या खांबांचे खळगे लपतात. मान्य. पण इथल्या शेतात अर्धा-एक मीटर माती यंत्राने काढली की सगळं एका पातळीवर उघडं पडतं. नावडातोलीसारख्या, पुणे आणि बडोद्याच्या पुरातत्त्ववाल्यांनी मिळून खणलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडात थरावर थर असतात आणि उभी भिंत हीच तिथली वही असते. लंडनच्या पोटातही थर खोल आहेत आणि ही एकेका कॉन्टेक्स्टची पद्धत तिथेच वाढली, त्यामुळे हा बचाव किंचित लंगडा आहे, तेही मान्य.

‘रेस्क्यू’ म्हणजे जागा नष्ट होण्याआधी ती खणून घेणं. ते आपल्याकडे होत नाही, असं मात्र कुणाचं ऐकून घ्यायचं कारण नाही. इंग्लंडात 1990 पासून बांधकाम करणाऱ्यालाच उत्खननाचा खर्च करावा लागतो, आणि ती व्यवस्था हेवा वाटावी अशीच आहे. पण गुजरातेत मेश्वो नदीच्या धरणात बुडण्याआधी देवनी मोरीचा बौद्ध स्तूप बडोदा विद्यापीठाने 1960 ते 1963 मध्ये खणला, तो रेस्क्यू नव्हता तर काय होता?

गुप्तधनाचं इंग्रजीही शिकून ठेवा. आपल्याकडे 1878 चा कायदा आहे: 10 रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. इंग्लंडात 14 दिवसांत कळवायचं कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो त्याच अधिकाऱ्याला.

सगळ्यात अवघड इंग्रजी गोड बोलण्याचं. ‘यू माइट वाँट टु टेक दॅट बॅक अ बिट’ हा सल्ला नाही, हुकूम आहे: अजून खणा. ‘आर यू हॅपी विथ दॅट एज?’ म्हणजे कड चुकली आहे. आनंदाने ‘येस’ म्हणून पुढच्या कामाला लागू नये. बडोद्याचे सर सरळ म्हणायचे, ‘काय केलंस हे!’ आणि विषय संपायचा.

आता पांढरी. गावाच्या दोन माती आपल्याला माहीत असतात: शेताची काळी आणि वस्तीची पांढरी. शतकानुशतकं चुलीची राख, भिंतींची माती आणि शेण साचून झालेली ती राखट, भुरकट माती शेतकरी खत म्हणून खणून नेतात, आणि त्यातच टेकाडं नाहीशी होतात. इंग्लंडातल्या रोमन शहरांवर नेमकं उलटं दिसतं: रोमन थरांच्या वर जाड, एकसारखा काळपट थर, त्याचं नाव ‘डार्क अर्थ’. त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यातही कुजलेलं लाकूड, गवती छपरं, राख आणि कचराच निघतो, गांडुळांनी आणि मुळांनी ढवळून एकजीव केलेला. म्हणजे इथे वस्तीच काळी.

‘पांढरी’चं भाषांतर मात्र होत नाही. फॉर्मवर तिचं रूप असं: ‘लूज, लाइट ग्रे, ॲशी सिल्ट, फ्रीक्वेंट चारकोल, मॉडरेट पॉटरी’. अर्थाच्या रकान्यात ‘ऑक्युपेशन डिपॉझिट’. आणि ‘अदर कॉमेंट्स’मध्ये दोन ओळी मोकळ्या असतात, तिथे रोमन लिपीत ‘पांढरी’ लिहायला कोणाची हरकत नसते, फक्त पुढे अर्थ द्यावा लागतो.