अपेक्षित पगार (फक्त आकडे)

परवा दुपारी एका नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरत होते, नाव, शिक्षण, अनुभव सगळं सुरळीत चाललेलं आणि मग तो चौकोन आला. अपेक्षित पगार. शेजारी लाल चांदणी, म्हणजे गुपचूप सोडून पुढे सटकायची सोय नाही. 'चर्चेनुसार' असं टाइप केलं तर खाली आलं, फक्त आकडे टाका. मग 0 टाकून बघितला, तोही घेईना.

तसा आकडा ठरलेला होता हो, आठवडाभर आंघोळ करताना मोठ्याने म्हणून बघितलेला, पण की-बोर्डवर बोटं ठेवली की तो आपोआप खाली घसरायचा. मी घसरवतच नव्हते!

खोड जुनीच आहे. शाळेत पेपर देऊन आले की बाबा प्रश्नपत्रिका मागून घ्यायचे, एकेका प्रश्नापुढे पेन्सिलीने बारीक टिक करायचे आणि चष्म्यावरून बघत विचारायचे, "किती पडतील?" मला वाटत असायचे ऐंशी, मी सांगायचे सत्तर. निकालात अठ्ठ्याहत्तर आले की घरात आनंदीआनंद, आणि दोन मार्क गेल्याचं दुःख फक्त माझं मला. दहावीपर्यंत हा धंदा बिनबोभाट चालला.

पुढे पहिल्या नोकरीच्या वेळी एचआरच्या बाईंनी विचारलं, एक्स्पेक्टेशन काय आहे, तर तोंडातून तेच सत्तर बाहेर पडलं. त्या लगेच म्हणाल्या, "हो, बसतंय की बजेटमध्ये." इतक्या लगेच, की माझ्या पोटात खड्डाच पडला. निदान एकदा तरी पेन खाली ठेवायचं, खुर्चीत मागे रेलायचं, काहीतरी! वर मीच त्यांना थँक्यू म्हणाले.

त्या थँक्यूची किंमत नंतर एकदा काढून बघितली (काढू नये). पगारवाढ टक्क्यांत होते, त्यामुळे पहिल्या दिवशी राहिलेला फरकही टक्क्यांनीच वाढत बसतो, वर्षाला 5 टक्के धरले तरी 14 वर्षांत तो जवळजवळ दुप्पट.

ट्वर्स्की आणि कानेमान या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक प्रयोग छापला होता. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं, ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल असं केलेलं, आणि मग विचारायचं की युनोमध्ये आफ्रिकी देश किती टक्के असतील. 10 बघितलेल्यांचा मधला अंदाज 25, आणि 65 वाल्यांचा 45. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी. मला हे वाचून आठवलं ते "मागचा पगार किती होता?" हे विचारणं. तेही चाकच, फक्त ते आपणच फिरवून देतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 2018 पासून ऑफर देण्याआधी हा प्रश्न विचारायला कायद्यानेच बंदी आहे. वाचून बरं वाटलं, पण कायद्याला माझं सत्तर कुठे माहितीये.

मध्यंतरी बाबांना सहज म्हटलं, मी तेव्हा मार्क कमी सांगायचे तुम्हाला. तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "माहीत होतं की. मी वर दहा धरूनच चालायचो." म्हणजे एवढी वर्षं आमचा हिशोब दोन्हीकडून बरोबर चालू होता आणि मला वाटत होतं मी फार हुशार! एचआरच्या बाई काही वर दहा धरत नाहीत, त्यांचं तरी काय चुकलं.

शेवटी टाकला एकदाचा आकडा, आंघोळीतलाच, आणि पुन्हा खोडायच्या आत सबमिट दाबलं. संध्याकाळी बाबांचा फोन, "किती मागितलेस?"

सवयीने थोडा कमीच सांगितला.

"असं होय," म्हणाले, आणि जरा वेळ गप्प राहिले. हिशोब करत असणार.