बाकी खालून वर का वाचायची?

नववीच्या वर्गात गणिताच्या सरांनी २६ ला दोनाने भागत नेलं. भागाकार १३, ६, ३, १, ०. बाकी ०, १, ०, १, १. ती खालून वर वाचायची, की झालं द्विमान रूप, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या: ११०१०. एवढं पुस्तकातही होतं. पण ‘खालूनच का?’ हे विचारल्याशिवाय सर पुढे जात नसत, आणि उत्तर आलं नाही तरी स्वतः सांगत नसत.

त्यांनी ३४७ ला दहाने भागायला लावलं. बाकी आली ७, ४, ३. पहिली एककाची, दुसरी दशकाची, तिसरी शतकाची. दोनाने भागतानाही तेच! पहिली बाकी संख्या सम की विषम ते सांगते, म्हणजे एककाचं घर भरते. पुढची घरं २, ४, ८, १६ ची. १६ + ८ + २ = २६. वरून वाचलं तर ०१०११, म्हणजे नुसते ११. त्यानंतर ही रीत पाठ करावी लागली नाही.

खरी गंमत मराठीच्या तासाला झाली. अक्षरगण, म्हणजे वृत्तातले तीन-तीन अक्षरांचे गट, चालू होते. लघु म्हणजे ०, गुरू म्हणजे १ असं मी वहीच्या कोपऱ्यात मांडून पाहिलं. तीन अक्षरं, प्रत्येक जागी दोनच पर्याय, म्हणून गण आठच: ‘न’ ०००, ‘म’ १११. गण लक्षात ठेवायचं सूत्र ‘यमाताराजभानसलगा’ असं मांडलं की ०१११०१०००१ येतं. त्यातले लागोपाठचे तीन-तीन अंक घेत चला. आठही गण मिळतात, एकही दोनदा नाही. वही सरांना दाखवली तेव्हा कळलं, पिंगलाच्या छंदःशास्त्र या प्राचीन संस्कृत ग्रंथात लघु-गुरूंची मांडणी शोधायला संख्या निम्मी करत जाण्याची रीतच आहे. जर्मन गणिती लायब्निझचा द्विमान अंकगणितावरचा लेख १७०३ चा. पिंगल त्याच्या कितीतरी आधीचा. (म्हणून संगणकही आपलाच, असं म्हणायला सर तयार नव्हते. मीही नाही.)

पुढे प्रोग्रॅमिंग करताना ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त आली, तेव्हा सरांची सवय कामी आली: कारण शोध. संगणक संख्या द्विमानात ठेवतो. त्यासाठी अपूर्णांकाला दोनाने गुणत जायचं, पूर्णांक वरून खाली वाचायचे. इथे पहिलं घर अर्ध्याचं. ०.१ चे होतात ०.२, ०.४, ०.८, १.६, मग उरलेल्या ०.६ चे १.२, आणि पुन्हा ०.४. म्हणजे ०.०००११००११… असं चालूच. संगणक ते कुठेतरी तोडतो. १/१० च्या छेदात ५ आहे, आणि दोनाच्या कुठल्याही घाताला ५ ने भाग जात नाही, म्हणून ते कधी संपतच नाही.