तुम्ही विचारलंत म्हणून: लोअर केलेल्या घरच्या गाडीला शॉकअप कुठले घालू?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: गाडी ३०-४० मिलिमीटर खाली घेतलेली आहे, घरातली पाच माणसं बसतात, मागचे शॉकअप गेलेत, कुठल्या कंपनीचे घालू? कंपनी सर्वांत शेवटी ठरते. त्याआधी स्प्रिंग कुठली आहे, गाडी नेमकी किती खाली आहे आणि सगळे बसून डिकी भरल्यावर शॉकअपला दबायला किती जागा उरते, हे कळायला हवं. या तिन्हींची उत्तरं दुकानात मिळत नाहीत, गाडीखाली वाकून मोजावी लागतात.

स्प्रिंगपासून सुरुवात करू. मूळ स्प्रिंगचं वेटोळं कापून गाडी खाली घेतली असेल तर शॉकअपवर पैसे घालू नका. काम करणाऱ्या पाच वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग २५ टक्के कडक होते, हे एक. पण खरा धोका कापलेल्या टोकाचा. ते खालच्या वाटीत बसत नाही, आणि खड्ड्यात चाक खाली लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून फिरते. परत दाबली जाते तेव्हा ‘टण्ण’ असा आवाज येतो, आणि मालक शॉकअप वर जिथे गाडीला जोडतात ते माउंटिंग बदलत बसतो. अशा गाडीला आधी मूळ स्प्रिंग किंवा त्याच मॉडेलसाठी बनलेली लोअरिंग स्प्रिंग आणा. वेटोळ्यांत कोंबायचे रबरी बफर सगळीकडे मिळतात, तेही नकोत. बफर घातला की तेवढी वेटोळी काम करायची थांबतात, म्हणजे कापण्याचाच प्रकार दुसऱ्या वाटेने.

खाली किती, ते चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि टायरचा आकार मध्ये येतो. चारही चाकांचे आकडे लिहून काढा आणि त्याच मॉडेलच्या न बदललेल्या गाडीशी ताडून बघा. विकणाऱ्याने ३० सांगितलेली स्प्रिंग दोन-तीन वर्षांनी ४० खाली बसलेली असू शकते.

आता जागेचा हिशेब. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. समजा मागच्या चाकाला रिकाम्या गाडीत दबायला ९० मिमी जागा होती आणि स्प्रिंग मिलिमीटरला २५ न्यूटनची, म्हणजे दर अडीच किलो भाराला साधारण एक मिमी दबणारी होती. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान मिळून मागच्या चाकांवर २०० किलो आले, म्हणजे एका चाकावर १००. गाडी ३९ मिमी बसली, उरले ५१. आता तीच गाडी ३५ मिमी खाली आणि स्प्रिंग २५ टक्के कडक. रिकामी असतानाच ५५ उरले, भाराने आणखी ३१ गेले, राहिले २४. बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पुरता दबण्याआधी त्याला अडवणारं रबर, साधारण त्याहून लांबच असतं, म्हणजे चाकरमानी पाहुणे बसून गाडी वाडीतून निघायच्या आधीच बंप स्टॉपवर टेकलेली आहे. यापुढे प्रत्येक खड्डा स्प्रिंगऐवजी रबर झेलतं. लोक याला ‘शॉकअप कडक झाले’ म्हणतात आणि मऊ शॉकअप शोधतात. त्याने फरक पडत नाही, कारण अडचण कडकपणाची नाही, लांबीची आहे.

म्हणून लोअर केलेल्या गाडीला आखूड बॉडीचा शॉकअप लागतो. त्याची नळी आणि दांडा दोन्ही छोटे असतात, त्यामुळे गाडी खाली असूनही पिस्टन मधल्या पट्ट्यात चालतो. चाक लटकल्यावर दांडा जास्त बाहेर येत नाही, म्हणून छोटी स्प्रिंगही वाटीत पकडलेली राहते. बिल्स्टीन कंपनीची नावं यात सरळ आहेत. बी४ हा मूळ शॉकअपच्या जागी घालायचा, बी६ मूळ लांबीचा पण मोनोट्यूब (एकाच नळीचा), आणि बी८ खास लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. कोनी कंपनीचा पिवळा स्पोर्टही लोअर केलेल्या गाड्यांना चालतो, आणि त्याचं रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला धरून ठेवण्याचं काम, कमी-जास्त करता येतं. गॅब्रिएल, मन्रो किंवा केवायबीचे रोजचे शॉकअप मूळ उंचीच्या गाडीसाठी ठीक आहेत. गाडी २० मिमीच्या आतच खाली असेल तर त्यातला चांगला गॅसचा जोड पुरतो. ३० ओलांडले की नाही.

अडचण मिळण्याची आहे. मारुती-ह्युंदाईच्या इथल्या मॉडेलना आखूड शॉकअप क्वचित मिळतात, फोक्सवॅगन-स्कोडा घराण्याला बरे मिळतात. पण परदेशी कॅटलॉगमध्ये गाडीचं नाव दिसलं म्हणून मागवू नका. जुना स्ट्रट (पुढचा, स्प्रिंगसकट बसणारा शॉकअप) काढून मोजा: नकलमध्ये (चाक धरणाऱ्या लोखंडी भागात) बसणाऱ्या नळीचा व्यास, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, स्टेबिलायझर लिंकच्या कानाची जागा, ब्रेक होज आणि एबीएस वायर अडकवायची क्लिप. ऑक्टाव्हियाच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे आपल्याकडच्या लॉरात, ५० आणि ५५ मिमी असे दोन व्यास चालतात. चुकीचा आला तर कुठलाही गॅरेजवाला तो बसवू शकणार नाही, आणि बसवून देतो म्हणाला तर गाडी त्याच्याकडे सोडू नका.

आखूड शॉकअप तुमच्या मॉडेलला मिळतच नसेल तर माझं मत स्पष्ट आहे. मूळ उंचीच्या स्प्रिंग आणि नवे मूळ शॉकअप घाला. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीच्या आकड्याने १६३ मिमी. त्यातून ३५ गेले, मग माणसं बसली, की पोटाखाली शंभराच्या आसपास उरतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १०० मिमी उंच, पण तो ३.७ मीटर रुंद पसरलेला असतो आणि ताशी २५ किलोमीटरला धरलेला आहे. वाडीवाडीतले गतिरोधक तसे असते तर हा लेख निम्म्यावर आटोपला असता. शिवाय निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत बदल करण्यावर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनं आहेत. विमा कंपनीला काय चालतं ते आधी लेखी विचारून घ्या.

कडकपणाबद्दल गैरसमज फार. डॅम्पिंगची, म्हणजे स्प्रिंगची उडी शांत करण्याची, गरज स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे स्प्रिंग २५ टक्के कडक असेल तर डॅम्पिंग साधारण १२ टक्के जास्त लागतं, दुप्पट नाही. कोनी पूर्ण आवळून घेतला की पहिल्या दिवशी गाडी चिकटून चालल्यासारखी वाटते. मग ठिगळ-ठिगळ केलेल्या रस्त्यावर चाक एका खळग्यातून वर येतं, परत खाली उतरायला पुरेसा वेळ मिळत नाही, तोवर दुसरा खळगा येतो. दर खेपेला गाडी थोडी आणखी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळते. आंबा घाटात किंवा करूळला वळणात हे झालं तर मागचा भाग बाजूला सरकतो. म्हणून सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरू करा, अर्धा-अर्धा फेरा वाढवा, आणि गाडी एका उडीत शांत व्हायला लागली की तिथेच थांबा.

मोनोट्यूब की ट्विनट्यूब? मोनोट्यूबमध्ये गॅसचा दाब २०-३० बारच्या घरात असतो. लांब घाटउतारात तेल तापलं तरी फेस धरत नाही, हा मोठा गुण. पण त्याची बाहेरची नळी हाच पिस्टनचा सिलिंडर. चाकाने उडवलेला दगड लागून नळीला पोचा आला की पिस्टन तिथेच अडकतो. ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी असते, त्यामुळे बाहेरून पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. खाणीच्या रस्त्यावर, चिऱ्यांच्या ट्रकमागून रोज जाणं असेल तर मी ट्विनट्यूबकडे झुकेन. नवा शॉकअप गाडी उचलून धरेल ही अपेक्षा मात्र कुणाकडूनच नको. उंची स्प्रिंग ठरवते, गॅसच्या दाबाने फार तर काही मिलिमीटर हलते.

कॉइलओव्हरचं, म्हणजे आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाचं, थोडक्यात सांगतो: समुद्राजवळच्या घरच्या गाडीला नको. खारी हवा आणि जांभ्याचा तांबडा चिखल मिळून आटे असे धरतात की दुसऱ्या पावसाळ्यानंतर रिंग फिरत नाही, आणि फिरत नसेल तर कॉइलओव्हर घेतला कशाला? तेल बदलून ‘रिपेअर’ केलेले शॉकअपही घेऊ नका. सील बदलला तरी दांड्यावरचे गंजाचे खड्डे तसेच राहतात आणि नवा सील तेच कापतात.

बसवताना शॉकअप नेहमी जोडीने बदला. सोबत बंप स्टॉप, धुळीचा बूट, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवंच घ्या. बूट फाटका ठेवला तर तांबडा चिखल दांड्यावर सुकतो आणि सँडपेपरचं काम करतो. बंप स्टॉप कापायला स्प्रिंगवाल्याने सांगितलं असेल तर जाड टोकाकडून, सांगितलं तेवढाच कापा. निमुळतं टोक आधी टेकतं आणि धक्का हळू घेतं, ते कापलं की रबर एकदम आदळतं. ट्विनट्यूब शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ओढून मगच चढवा. आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा त्याने निघते, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘खुळखुळतो’ म्हणून परत न्याल.

नकलचे बोल्ट इथे हमखास गंजलेले असतात, आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मागे एका वेळी एकच बाजू सोडा आणि बीमखाली, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईखाली, जॅक ठेवा. दोन्ही एकदम सोडले की बीम खाली लोंबतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो. दांड्याचा मधला नट इम्पॅक्ट गनने मारू देऊ नका. दांडा आत गरगरतो आणि सील फाटतो. तो हाताने, दांडा ॲलन कीने धरून आवळायचा. सगळ्यात जास्त हुकणारी गोष्ट बुशांची, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबरांची. बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर, गाडी आपल्या उंचीवर असताना शेवटचे आवळा. लिफ्टवर लटकत्या चाकांनी आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं आणि गाडी मूळ जागेवर नीट बसत नाही. मग अलाइनमेंट करा, आणि हेडलाइटचा कोनही बघून घ्या.

शेवटी खात्रीची चाचणी. दांडा दिसतो त्या चाकाला बूट थोडा वर सरकवून दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट बांधा आणि तो नळीपर्यंत खाली ढकला. सगळे बसून, सामान भरून रोजच्या वाईट रस्त्यावर दहा किलोमीटर जा. रत्नागिरीत असाल तर भाट्याच्या पुलावरून पावसच्या दिशेने. परत येऊन, माणसं उतरायच्या आधी, टाय आणि नळी यांच्यात किती अंतर पडलंय ते बघा. शॉकअप तेवढा आणखी दबला होता. टाय बंप स्टॉपच्या पार आत घुसला असेल तर तुमच्या स्प्रिंगला भार झेपत नाही, शॉकअपला दोष देऊ नका. वर थोडी जागा राहिली असेल तर टाय काढून टाका, बूट खाली ओढा, आणि किनाऱ्यावर गाडी नेलीत की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. दांड्यावर ग्रीस किंवा अंडरकोटिंगचा फवारा मात्र मारू देऊ नका.